मागची पानं

टेबलावर तीन पुस्तकं होती. गणिताच्या बाईंनी ती निवडून ठेवली होती. त्यातलं जाड, निळं पुस्तक जादा वर्गाचं. त्या वर्गात सगळी नववीची मुलं. ही मुलगी पाचवीत होती. खुर्चीवर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

तिच्या बापाला आज किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. तो पुस्तकबांधणीचं काम करायचा. बोटांच्या पेरांत खळ वाळलेली. आमच्या गणितानं सहावी संपताच राम म्हटला, हिनं मात्र आठवीचं पुस्तक वर्षभरात फस्त केलं, असं तो हसत हसत सांगत होता. बाईंना काही विचारायचं नाही, स्वतःचं डोकं चालवायचं, अशी त्याची सक्त ताकीद होती. पोरीनं ती पाळली होती.

बाईंनी वही मागितली. मुलीनं बापाकडे बघितलं आणि वही पुढे केली.

पहिल्या पानावर एक गणित सोडवलेलं होतं आणि त्यावर काट मारलेली. खाली तेच गणित दुसऱ्या रीतीनं. त्यावरही काट. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बाई पानं उलटत गेल्या. सगळी वही तशीच. शेवटी शेवटी तर काट इतकी दाबून मारलेली, की कागद फाटला होता.

बाई पुन्हा पहिल्या पानावर आल्या. "अगं, हे पहिलंच बरोबर आहे. का खोडलंस?"

"बरोबर आहे ते कळलं नाही," मुलगी पुटपुटली.

"मागे उत्तरं असतात ना? ती बघायची."

"मागे?" मुलीनं विचारलं. बाप खाकरला. उत्तर दिसलं की डोकं आळशी होतं, म्हणून नवं पुस्तक आणलं की तो शिवण उसवायचा, मागची पानं काढून घ्यायचा आणि पुस्तक पुन्हा शिवून टाकायचा. इतकं सफाईनं, की तिला कधी पत्ताच लागला नाही. मोठ्या वर्गांच्या पुस्तकांत उत्तरं नसतात, असंच ती समजत आली होती. हे सांगताना सुरुवातीला त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. मग त्याचं लक्ष त्या फाटलेल्या पानाकडे गेलं आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

ती पानं कुठं आहेत, असं बाईंनी विचारलं. रद्दीत गेली, तो म्हणाला.

बाईंनी निळं पुस्तक उघडून मागची उत्तरं मुलीला दाखवली. दर शनिवारी मी स्वतः तुझ्याबरोबर बसेन, म्हणाल्या. वर्गाची यादी आजच द्यायची होती. "घालू ना तुझं नाव, बाळा?"

मुलीनं नको म्हणून मान हलवली. खुर्चीवरून उतरून ती बाईंच्या पुस्तकांच्या कपाटाशी गेली आणि सहावीचं पुस्तक घेऊन आली.

"अगं, हे तर तू केव्हाच संपवलंस," बाप म्हणाला.

"हे तुम्हाला तपासता येईल, बाबा."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मुलीनं वहीचं कोरं पान काढून पहिलं गणित लिहायला घेतलं. उत्तर तिला वाचतानाच आलं होतं. तरीही ती एकेक पायरी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहीत राहिली, शेजारी बसलेल्या माणसाला समजेल अशी.