कंगव्याची चहाडी

भुंग्याला न्यायला त्याचा नवा मालक तासाभरात येणार होता, कारण निलांबरीच्या सासऱ्यांना घरात कुत्रं नको होतं. तिनं भुंग्याला शेवटचं विंचरायला घेतलं. कुत्र्याच्या केसांत साठलेला आनंद कंगवा वाचायचा आणि मुठीवरच्या पडद्यावर त्याचा तासातासाचा आलेख दाखवायचा. सगळ्यात उंच टोक दुपारी तीनचं होतं. आणि ते रोजचं! त्या वेळी ती ऑफिसात, घरी फक्त सासरे!

“अप्पा!” ती ओरडतच बाहेर धावली. “दुपारी तीनला याला काय देता तुम्ही?”

अप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. भुंग्या धावत जाऊन त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून बसला.

“अर्धी खारी,” पेपरामागून आवाज आला. “चहात बुडवून. आणि त्या माणसाला फोन कर. चहाला ये म्हणावं, कुत्रं मिळणार नाही.”