घरच्यापुरता अ‍ॅम्प

"दहा वॅट? अहो, आमच्या मोरीतला दिवा पंधराचा आहे!" दिगंबरराव गिटारचा आवाज वाढवणाऱ्या छोट्याशा अ‍ॅम्पकडे बघत दुकानदारावर डाफरले.

हेमलताबाई ओशाळल्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने इलेक्ट्रिक गिटार घेतली होती, आणि महिनाभर खोलीचं दार लावून, अ‍ॅम्पशिवायच, त्या तारा छेडत होत्या. नवरा एकदा जरी चिडला, तर गिटार माळ्यावर टाकायची, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

दुकानदार हसला. "काका, दिव्याचा वॅट वेगळा, आवाजाचा वेगळा. घरच्या सरावाला हा स्वस्तातला भरपूर झाला. हेडफोन लावला की घरात कुणाला ऐकूही येणार नाही."

"हाच द्या," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"थांब गं." दिगंबरराव दुकानदाराकडे वळले. "आवाज स्वयंपाकघरात येईल का, ते सांगा. मध्ये दोन भिंती आहेत. शिवाय कुकर मी लावतो, त्याच्या शिट्ट्या."

"म्हणजे ऐकू यायला हवंय?" दुकानदाराने विचारलं.

"नाहीतर काय! महिनाभर हिच्या दाराला कान लावून उभा राहतोय. मान धरलीय माझी."

बाईंनी दहा वॅटचा अ‍ॅम्प बाजूला सारला.

"वीस वॅटचा केवढ्याला?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.