दोन वेण्या

मेलबर्नजवळच्या एका बेटावरच्या जुन्या स्कॉटिश शेतापाशी टूरची बस थांबली आणि कुंपणापलीकडची गाय बघून नलिनीबाईंना राहवेना. तांबडी, केसाळ, आणि झिपऱ्या थेट नाकापर्यंत!

"अगं बाई, हिला दिसतं तरी का?" म्हणत त्यांनी पर्समधून कंगवा काढला.

"आजी, नो!" अनुष्का किंचाळली. आजी मेलबर्नला आल्यापासून ही नात कंगवा दिसला की खोलीचं दार लावून घ्यायची. तिच्यासाठी पुण्याहून आणलेल्या लाल रिबिनी पर्समध्ये तशाच पडून होत्या. उद्या तर आजींचं परतीचं विमान.

गाय मात्र मान पुढे करून गपगुमान उभी राहिली. बघता बघता दोन वेण्या झाल्या, त्यांना त्याच लाल रिबिनी! फाटकाशी पर्यटकांसाठी बॅगपाइप वाजवणाऱ्याला इतकं हसू फुटलं की त्याचा सूरच गेला. गाइड अस्सल ऑस्ट्रेलियन थाटात ओरडला, "हिचे डोळे आज पहिल्यांदा बघितले, मेट!" हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

बस सुटली. अनुष्का आजींशेजारी येऊन बसली, त्यांच्याकडे पाठ केली आणि केस मोकळे सोडले.

"आजी, जस्ट लाइक द काऊ, प्लीज."