पालकांची सही

थोरलीच्या जुन्या वहीवरचं पीठ फुंकून धाकटी गिरणीतल्या पोत्यावर बसली. आता तीही थोरली जायची त्याच इंग्रजीच्या क्लासला जाते. तिथला नियम तोच आहे: रोज एक अवघड शब्द शिकायचा, तो घालून स्वतःच्या मनानं इंग्रजीत वाक्य लिहायचं आणि खाली पालकांची सही आणायची.

मला इंग्रजीचा गंध नाही. पण थोरलीनं वही पुढं केली की मी गिरणी बंद करून सही ठोकायचो आणि दळणाला आलेल्या बायकांना ऐकवायचो, "बघा, कसले शब्द शिकतीय माझी पोर!" ती मात्र वही घेऊन माझ्या तोंडाकडं बघत थोडा वेळ उभी राहायची. मे महिन्यात तिचं लग्न लावलं. स्थळ चांगलं होतं.

"मोठ्यानं वाच की, मराठीत सांग," मी धाकटीला म्हणालो.

"रिलक्टंट म्हणजे नाखूश. ताईनं लिहिलंय, मला लग्न करायचं नाही." तिनं पान उलटलं. तिचा आवाज बारीक झाला. "इम्प्लोर म्हणजे कळवळून विनवणं. बाबा, पाया पडते, मला शिकू द्या. हे साखरपुड्याच्या आदल्या दिवशीचं आहे."

"मग बोलली का नाही कुणाला?" मी खेकसलो.

धाकटीनं वही माझ्यासमोर धरली. वाक्याखाली माझी सही होती. शेजारी पीठ लागलेल्या अंगठ्याचा ठसा.

मग तिनं स्वतःची वही काढली, आजचं पान उघडलं आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

पेन माझ्या हातातच राहिलं. "आधी अर्थ सांग," मी म्हणालो.