पहिला नंबर मावशीचा

सकाळचे सव्वासहा झाले होते आणि चंदनला मोबाइलवरच्या खेळातल्या बारा कार्डांची क्रमवारी साडेसहाच्या आत ग्रुपवर टाकायची होती. ग्रुपात चारशे अकरा माणसं. चारशे दहा वाट पाहत होती. उरलेला एक चंदन.

मैदानावर त्याची बहीण खुशी पळत होती. परवा पोलीस भरतीची मैदानी चाचणी. निघाली तर निघाली, नाहीतर अचलपूरचं स्थळ तयार होतं. मुलाकडचे लोक भले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की हे पळणं बंद कधी होईल.

चंदन पायरीवर बसला होता. तीनदा भरतीत पडून तो वयातून बाद झाला होता, त्यामुळे घरात प्रशिक्षक व्हायची पात्रता त्याच्याकडेच होती. नियम त्यानंच केले होते. मैदानावर खुशीशी दुसऱ्या कोणी बोलायचं नाही, लक्ष उडतं. तिनं राउंड मोजायचे नाहीत, दम जातो. दादाचा हात वर होईपर्यंत पळायचं. आज पाच राउंड होते.

दोन पायऱ्या खाली त्यांची आई, गंगूबाई, मेथी निवडत होती. जुन्या शहरातल्या बाजारात जाऊन बसायच्या आधी जुड्या बांधून व्हायला हव्या होत्या.

"चंदन, पोरगी लंगडून राहिली रे."

"सराव हाय तो आई. दुखतेच."

"आठ दिवसांपासून पायाची नळी धरून बसते. आज राहू देतं त..."

"तुले समजते का याच्यातलं काही?"

गंगूबाईनं पुन्हा मेथी हातात घेतली. समजत नव्हतंच.

भरतीचीच तयारी करणारा धर्मपाल घाम पुसत शेजारी येऊन टेकला. चंदननं त्याच्यापुढे फोन धरला. खेळ साधा होता. एक मुलगी घ्यायची, तिला धावायला तयार करायची, शर्यती जिंकायच्या. तिच्यासोबत सहा सपोर्ट कार्डं लावता येतात, म्हणजे तिला मदत करणारी माणसं. कोणी वेग वाढवतं, कोणी जिद्द. बारांतली सहा कोणती घ्यायची हे लोकांना कळत नव्हतं. चंदनला कळत होतं.

"पहिल्या नंबरवर कडक सर असतीन," धर्मपाल म्हणाला.

"कडक सर चौथे."

"काय सांगतं भौ! वेग किती वाढवते ते!"

"वाढवते ना. मंग पोरगी थकते, अन् सर पळवतच राहते." चंदननं आवाज खाली आणला. "पहिली मावशी."

खानावळवाली मावशी हे कार्ड सगळ्यांना फुकट मिळतं, म्हणून ते कोणी लावत नाही. मावशीनं वेग वाढत नाही, जिद्दही वाढत नाही. ती फक्त मधेमधे येते, मुलीला जेवू घालते आणि म्हणते, आज नको पळू.

"अन् ऐकते पोरगी?"

"ऐकाच लागते. हे तिच्या ताकदीची पट्टी पाह्य. चाळीसच्या खाली गेली का पळवायचंच नाही. पाय मोडला त सारी मेहनत पाण्यात. लोकं इथंच चुकते, धर्मपाल. पोरीकडं पाहतच नाहीत."

धर्मपालनं मैदानाकडे पाहिलं. खुशी वळणावर होती. उजवा पाय टेकला, की तिचा खांदा खाली जात होता.

"अन् खुशीले?"

"तिचं काय?"

"तिले नाही का अशी पट्टी?"

"ते खरी हाय ना बावा," चंदन म्हणाला आणि लिहायला लागला.

फुकटचं कार्ड पहिलं का, हे चारशे दहा जणांना पटवायचं म्हणजे चार ओळींत भागणार नव्हतं. त्याचे दोन्ही अंगठे चालत होते. मग सातव्या आणि आठव्या नंबरावरून धर्मपालशी वाद झाला. खुशी समोरून गेली. पुन्हा गेली. जाताना दरवेळी ती पायरीकडे पाहायची. गंगूबाई मान वर करायची, तिच्याकडे बघायची, मग चंदनकडे बघायची आणि पुन्हा मेथीत मान घालायची.

सहा एकतीसला यादी गेली. मिनिटभरात तेवीस जणांनी हात जोडले.

तेवढ्यात पलीकडच्या वळणावर खुशी पडली. उठायला गेली आणि पुन्हा पडली. तिसऱ्यांदा उठायला गेली नाही, नुसती ओरडली.

पुढे धर्मपाल धावला, मागे गंगूबाई. चंदन पोचला तेव्हा धर्मपालनं तिचा बूट काढला होता. गुडघ्याखाली पाय जिथं सरळ असतो, तिथं तो सरळ नव्हता. धर्मपालनं एकदा चंदनकडे पाहिलं आणि ऑटो आणायला पळाला.

"हात काहून नाही केला वर?" खुशीनं विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी पाहून राहिली होती ना दादा. दर राउंडले पाहून राहिली होती."

"पाचच त होते," चंदन म्हणाला. "आज पाचच राउंड होते."

गंगूबाईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. एका हाताची मूठ मात्र तिनं मघापासून सोडली नव्हती. आता ती उघडली. आत मेथीच्या काड्या होत्या. पोरगी समोरून गेली, की एक काडी मुठीत, असं तिचं चाललं होतं. त्या तिनं चुन्याच्या रेघेवर एकेक करून ठेवल्या.

सात झाल्या.

"मले वाटलं," ती चंदनला म्हणाली, "तू मोजून राहिला."