अंदाजाचं मीठ

लेकीच्या दप्तरात डबा सरकवताना आतून कागदाची पुडी खाली पडली आणि तिच्यातून पांढरी पूड फरशीवर सांडली. आई दोन पावलं मागे सरकली. पंधरा वर्षांची पोर, आणि दप्तरात लपवलेली पांढरी पूड!

"अहो, आधी इकडे या!"

बाबा अर्धी दाढी करून तसेच धावत आले. कोपऱ्यावरचं केस कापायचं दुकान त्यांचं. त्यांनी वाकून पूड पाहिली, बोटाला लावली आणि बिनधास्त जिभेवर ठेवली.

"मीठ आहे अगं," ते म्हणाले. मग बोट पुन्हा पुडीत घातलं आणि डोळे मिटून चोखलं.

मीठ! या घरात मीठ औषधालाही नव्हतं. डॉक्टरांनी आईचं मीठ बंद केलं, तेव्हा एवढ्याशा झिपरीनं मिठाची बरणी उचलून शेजारी देऊन टाकली होती. आईला नाही, तर कुणालाच नाही. बाबांनीही मान डोलावली होती. झिपरी हे नाव बाबांनीच ठेवलेलं. केस कापणाऱ्याची लेक, पण कपाळावरच्या झिपऱ्यांना बापाची कात्री लागू देईल तर शपथ. तेव्हापासून आई लिंबू, लसूण, मिरी आणि भाजलेले तीळ यांच्या जोरावर रोजचा डबा निभावून नेत होती. डबा चाटूनपुसून परत येतो, याचा तिला कोण अभिमान.

झिपरी वेणी घालत बाहेर आली, पुडी पाहिली आणि जागच्या जागी थांबली.

"रोज नाही घेत गं आई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आधी चालायचं. आता मधल्या सुट्टीत एवढी भूक लागते, पण अळणी घास उतरतच नाही. आणि बरणी मीच दिली होती ना? मग कुठल्या तोंडानं मागू?"

"अगं महामाये, केवढीशी होतीस तू तेव्हा! मीठ माझं बंद झालंय, तुझं नाही." आईनं तिला जवळ ओढलं. मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. बोट अजून तोंडातच. "आणि तुमचं काय?"

"माझं? माझं काही नाही बुवा."

"दुकानाच्या खणात खारे शेंगदाणे असतात," झिपरी रडता रडता म्हणाली.

"फितूर कुठली!" बाबा ओरडले.

आईला असं हसू फुटलं, की तिला स्टुलावर बसावं लागलं. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि फर्मान काढलं, "जा, शेजारून वाटीभर मीठ आणा. आणि आधी ती दाढी पूर्ण करा, लोक काय म्हणतील!"

झिपरीचा आणि बाबांचा, भरलेले दोन्ही डबे तिनं पुन्हा रिकामे केले. उकडलेला बटाटा, मटार आणि परतलेला कांदा परातीत एकत्र करून कुस्करले, मिरपूड घातली. मिठाच्या वाटीवर मात्र हात थबकला. एके काळी ती बोलता बोलता, न बघता मीठ टाकायची आणि ते कधी चुकायचं नाही.

"मी चाखून बघू?" झिपरीनं विचारलं.

"काही नको. माझ्या हाताला अजून अंदाज आहे."

तिनं एक चिमूट टाकली. मग अजून एक. पोरीनं फार अळणी खाल्लंय, कमी पडायला नको, म्हणून आणखी एक. सारण पावात भरलं आणि दोन्ही बाजूंनी तव्यावर दाबून खरपूस केलं. पोरीनं एकदा तरी आपल्या हातचं चवीचं, पोटभर खावं, एवढंच तिला हवं होतं. दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. दोनदा तर वाटलं, शाळेच्या दारात जाऊन विचारून यावं.

संध्याकाळी झिपरी आली ती थेट पाण्याकडे गेली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"कसं झालं होतं गं?"

"एक नंबर!" एवढं बोलून तिनं ग्लास तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

आईनं दप्तरातून डबा काढला, उघडला. आत कणसुद्धा नव्हता. डबा लख्ख धुतलेला, झाकणाच्या कडेला पाण्याचे थेंब. घरात स्वतःचा कप न उचलणाऱ्या पोरीनं शाळेच्या नळावर डबा धुतला होता. तो हातात धरून आई उभीच राहिली.

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी झिपरीनं ठेवलेला ग्लास भरून घेतला आणि ते गटागटा पाणी प्यायले.

"काय गं, आज मीठ जरा..."

झिपरीनं त्यांच्या पायावर पाय दिला.

"...जरासुद्धा कमी नव्हतं," बाबा म्हणाले. "अगदी मोजून घातल्यासारखं."

आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तिचा आवाज बारीक झाला. "खारट झालं होतं ना?"

"छे!" दोघं एकदमच म्हणाले.

"खरं सांगा. उद्या अंदाज कसा घेऊ मी?"

झिपरीनं बाबांकडून ग्लास ओढून घेतला, काठोकाठ भरला आणि पिण्याआधी म्हणाली, "उद्यापण एवढंच घाल."