अनसूयाबाईंच्या दाढेवरची कॅप

दाढेवर सेन्सरची कॅप बसवून तीन महिने झाले, तेव्हा रोहिणी सासूबाईंना घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे आली. अनसूयाबाईंच्या तोंडात काय काय गेलं ते त्या कॅपनं इमानानं टिपलं होतं आणि आता ते डॉक्टर शेट्यांच्या पडद्यावर दिसत होतं. रोज पहाटे साडेपाचला मिश्री, चांगली वीस मिनिटं. घरात मात्र त्या, कधीच सोडली, म्हणून सांगायच्या.

"पण हे बघा," डॉक्टर म्हणाले, "पंचवीस तारखेपासून एकदाही नाही. साठ वर्षांची सवय एका दिवसात सुटली. आजी, कसं जमवलंत?"

पडद्यावर कारण विचारलं होतं: औषध, समुपदेशन की मनाचा निर्धार.

"निर्धारच लिहा," रोहिणी कौतुकानं म्हणाली. "आत्या आमच्या हट्टी आहेत."

अनसूयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"आदल्या दिवशी शेजारची हौसा गेली. दोघी पायरीवर बसून लावायचो. एकटीनं काय लावायची?"

डॉक्टरांनी पडद्याकडे नेलेलं बोट मागे घेतलं.

"तिलाबी कॅप तुम्हीच बसवलीय," त्या म्हणाल्या. "तिची नोंद उघडून बघा की. तिचीबी मिश्री त्याच दिवशी सुटलीय."